बँकेतली नोकरी सोडून स्कुबा इन्स्ट्रक्टर : पाच सीझननंतर

मीठपाणी (धागाकर्ती)

"नोकरी सोडून स्कुबात यायचंय, काय करू?" असे निरोप मला महिन्यातून दोन-तीन तरी येतात. बहुतेक पुण्या-मुंबईचे, तिशीच्या आसपासचे, आयटीतले नाहीतर बँकेतले. फोनवर सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे. लांबेल, पण घाईने सांगण्यासारखी ही गोष्ट नाही.

मी एका सरकारी बँकेत नऊ वर्षं अधिकारी होते, शेवटची पाच वर्षं कर्ज विभागात. २०१६ च्या मे महिन्यात एलएफसी (बँकेची प्रवासभाडे सवलत) घेऊन आईबाबांसोबत अंदमानला गेले आणि हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) पहिली ट्राय डाइव्ह केली, म्हणजे कोर्स न करता इन्स्ट्रक्टरच्या हाताशी मारायची बुडी. पोहता येत नव्हतं. इन्स्ट्रक्टरने मागून टँक धरला होता, मला फक्त श्वास घ्यायचा होता. खाली पांढरीशुभ्र प्रवाळं पसरली होती. वर आल्यावर मी त्याला म्हटलं, किती सुंदर, बर्फ पडल्यासारखं दिसतंय. तो काहीच बोलला नाही.

दोन वर्षांनी ओपन वॉटर, म्हणजे स्कुबाचा पहिला कोर्स, करताना कळलं की त्या उन्हाळ्यात पाणी तापून अंदमानची प्रवाळं पांढरी पडली होती. प्रवाळाच्या अंगात एक सूक्ष्म शेवाळ राहतं, तेच त्याला रंग देतं आणि तेच खायला घालतं. पाणी फार तापलं की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतं. पाणी वेळेत निवलं तर शेवाळ परत येतं, नाही तर प्रवाळ उपासमारीने मरतं. मी जे पाहून हरखले होते ते मरणाच्या दारात उभं होतं. तो इन्स्ट्रक्टर गप्प का राहिला हे तेव्हा उमगलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या नोकरी सोडण्याची सुरुवात तिथली आहे. प्रत्यक्ष राजीनामा दिला २०२१ मध्ये.

आधी रस्ता कसा आहे ते सांगते. ओपन वॉटर केलं की १८ मीटरपर्यंत जोडीदारासोबत डाइव्ह करता येते. पुढे अ‍ॅडव्हान्स्ड, म्हणजे ३० मीटर. मग रेस्क्यू. इथपर्यंत हौस. डाइव्हमास्टर ही धंद्यातली पहिली पायरी : वय १८ पूर्ण, कोर्स सुरू करताना ४० डाइव्ह आणि संपवताना ६० लॉगबुकात. त्यात पोहण्याच्या परीक्षा आहेत : ४०० मीटर न थांबता, मास्क-फिन्स लावून ८०० मीटर, १५ मिनिटं जागेवर तरंगणं, आणि दमलेल्या माणसाला १०० मीटर ओढून नेणं. इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेला बसायला किमान १०० डाइव्ह लागतात. ही पाडीची, म्हणजे डायव्हिंगची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेची, अट झाली. एसएसआय या तशाच दुसऱ्या संस्थेची रचना थोडी वेगळी आहे, पण रस्ता त्याच दिशेचा. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मी पुण्याच्या एका तलावात लहान मुलांच्या बॅचमध्ये पोहायला शिकले. ४०० मीटर सलग पोहायला मला सात महिने लागले.

आता रोजचं काम. मी सध्या मालवणला आहे. सकाळी सहाला टँकमध्ये हवा भरणारा कंप्रेसर सुरू होतो. भरलेला एक टँक १६-१७ किलोचा, असे वीस-पंचवीस टँक गाडीत, गाडीतून वाळूवर, वाळूवरून होडीत. कंप्रेसरचा हवा ओढणारा पाइप वाऱ्याच्या कुठल्या बाजूला आहे हे मी रोज स्वतः बघते. त्याच्याच इंजिनाचा धूर आत गेला तर तो टँकमध्ये साठतो, आणि त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना चव. मग पर्यटक येतात. वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) चढवून देणं, तब्येतीचा फॉर्म भरून घेणं, ब्रीफिंग, होडी, पाणी. संध्याकाळी सगळं सामान गोड्या पाण्याने धुऊन वाळत घालायचं, रेग्युलेटर (तोंडात धरून टँकमधली हवा घ्यायचं यंत्र) तपासायचे. माझ्या स्वतःच्या आनंदाची डाइव्ह महिन्यातून एखादी होते. हे वाक्य कृपया दोनदा वाचा.

गेल्या सीझनमधला एक प्रसंग सांगते. कोल्हापूरकडचे एक काका, पन्नाशी उलटलेले. मुलांनी वाढदिवसाची भेट म्हणून आणलेलं. फॉर्मवर सगळीकडे 'नाही' लिहिलेलं. होडीत सगळ्यात जास्त बोलत होते तेच. मी बँकेत असताना मोठं कर्ज मागायला आलेली जी माणसं खूप बोलायची, ती बहुतेक वेळा आतून घाबरलेली असायची. म्हणून त्यांना मी सगळ्यात शेवटी पाण्यात उतरवलं, म्हणजे बाकीचे होडीत आणि माझं पूर्ण लक्ष त्यांच्याकडे. चार-पाच मीटरवर त्यांच्या मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं. त्यांनी डोळे मोठे केले आणि तोंडातला रेग्युलेटर काढायला हात वर नेला.

अशा वेळी माणसाला झटकन वर न्यावंसं वाटतं आणि तिथेच जीव जातो. दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. खाली भरून घेतलेला श्वास रोखून माणूस वर आला तर ती हवा फुफ्फुसात फुगते, आणि दीडेक मीटरचा फरकही फुफ्फुस फाटायला पुरतो. मी एका हाताने त्यांचा रेग्युलेटर तोंडात दाबून धरला, दुसऱ्या हाताने त्यांचा पंजा माझ्या छातीवर ठेवला आणि मोठमोठे श्वास सोडत राहिले, म्हणजे त्यांना माझा बुडबुडा दिसेल आणि हाताला लय लागेल. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग त्यांचा एक लांब बुडबुडा निघाला. मग दुसरा. मग आम्ही सावकाश वर आलो. होडीत ते काही बोलले नाहीत, किनाऱ्यावर उतरल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

मला हे काम याच्यासाठी आवडतं. मासे, कासवं, प्रवाळ यांच्या ओढीने मी आले हे खरं. पण दिवसाला सहा-आठ घाबरलेल्या अनोळखी माणसांचा श्वास आपल्या हातात घेणं, तोही कंटाळा न करता, हा या नोकरीचा नव्वद टक्के भाग आहे. माझ्याबरोबर डाइव्हमास्टर झालेल्या पाचजणांपैकी तिघं परत गेले. ते माझ्यापेक्षा चांगले डायव्हर होते. त्यांना समुद्र हवा होता, गिऱ्हाईक नको होतं. त्यांचं काही चुकलं नाही. फक्त हे त्यांना आधी कोणी सांगितलं असतं तर त्यांची दोन वर्षं वाचली असती, एवढंच मला वाटत राहतं.

विचारा काय विचारायचं ते.

घरचा_हिशेब

ताई, लेख मनापासून आवडला. पण मी वयाने मोठा, निवृत्त माणूस, मला आकड्यांशिवाय समाधान नाही. शिक्षणाला एकूण किती गेले, हातात किती येतात, पावसाळ्यात काय करता आणि पंचावन्नव्या वर्षी पाठीवर टँक उचलता आला नाही तर काय? माझा भाचा याच मार्गावर निघाला आहे आणि या चारांपैकी एकाचंही उत्तर त्याच्याकडे नाही.

मीठपाणी

काका, चारही प्रश्न योग्य आहेत. माझे स्वतःचे आकडे देते, दुसऱ्याचे वेगळे असू शकतील.

ओपन वॉटरपासून इन्स्ट्रक्टरपर्यंत राहणं, खाणं, प्रवास आणि स्वतःचं सामान धरून मला साडेपाच लाखांच्या आसपास लागले. भविष्य निधी आणि ग्रॅच्युइटीतून केले. एक गोष्ट मी हिशेबात धरलीच नव्हती : बँकेतलं गृहकर्ज कर्मचारी म्हणून कमी व्याजाने मिळालेलं असतं, राजीनामा दिला की ते बाजारदराला जातं. हप्ता वाढल्याचं पत्र आलं तेव्हा मी अंदमानात महिना १८ हजारांवर डाइव्हमास्टरचं काम करत होते. शेवटी फ्लॅट भाड्याने दिला. कर्ज विभागात पाच वर्षं काढलेल्या मला हे आधी दिसायला हवं होतं.

आता सीझनचे आठ महिने सरासरी ३५ ते ४० हजार आणि खोली. कोर्स शिकवले तर त्यावर वेगळे. वर्षाला बँकेत मिळत होते त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या थोडं वर. पावसाळ्यात मालवणचा समुद्र बंद असतो. तेव्हा मी पुण्यात तलावावर ओपन वॉटरचा तलावातला भाग शिकवते आणि दोन छोट्या दुकानांचे हिशेब बघते. म्हणजे टेबल पूर्ण सुटलं नाही, वर्षातले आठ महिने सुटलं.

पंचावन्नचं उत्तर माझ्याकडेही अर्धंच आहे. इन्स्ट्रक्टर तयार करणारे इन्स्ट्रक्टर, सेंटर चालवणारे, सामानाची दुरुस्ती करणारे, अशी त्या वयाची माणसं मी पाहिली आहेत. मी रेग्युलेटर दुरुस्ती शिकते आहे. भाच्याला सांगा, दोन वर्षांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस. आणि आरोग्य विम्याचे नियम नीट वाच. साहसी खेळ वगळणाऱ्या पॉलिसी खूप आहेत. डॅनचं (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, डायव्हरांच्या सुरक्षेसाठीची संस्था) सदस्यत्व आणि विमा मी वेगळा घेते.

दांडीचो_झील

ताई, बरां लिवलंस. पण आमची बाजू पण हय येवक व्हयी म्हणान लिवतंय.

माझो बापूस रापणीर (किनाऱ्यार ओढूच्या मोठ्या जाळ्यार) जाय. मी धा वर्साचो असताना खडपार कालवां काढूक बुडी मारी होतंय, टँक नाय, मास्क नाय. किल्ल्याच्या भोवतीचो खडक न खडक माका ठावक असा. मगे स्कुबा इलो. पयल्यांदा आमका वाटला, पर्यटक पाण्यात कित्याक उतारतत? आता आमच्या वाडीत घराघरात एक तरी पोरगो ह्याच धंद्यात असा. मासो कमी झालो, रापणीर पोट भरना नाय, स्कुबान आमका तारल्यान.

पण मोठ्या सेंटरात इन्स्ट्रक्टर म्हणान पुण्या-मुंबैचो माणूस येता आणि आमचो पोरगो टँक उचलता. कित्याक? कोर्साचे पैसे नाय आणि पुस्तक इंग्रजीत. दर्या आमका कळता, पण कागद नाय. तू येवकच नको असा माझा म्हणणा नाय. पण येतलंस तर एका तरी पोराक शिकवून जा.

मीठपाणी

दादा, तुमचं बरोबर आहे आणि ते माझ्या लेखात यायला हवं होतं. इथे माझ्या पहिल्या सीझनला पाणी गढूळ होणार हे मला हवामानाच्या अ‍ॅपवरून कळायचं आणि आमच्या होडीवाल्या दादांना वाऱ्यावरून. ते सांगायचे, "आज दुपारनंतर खाली काय दिसाचा नाय." तसंच व्हायचं. हातभर अंतरावरचा माणूस दिसत नाही अशा पाण्यात पर्यटक उतरवायचा नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले.

गेली दोन वर्षं पावसाळ्याआधी मी डाइव्हमास्टरच्या पुस्तकातलं भौतिकशास्त्र आणि शरीरशास्त्र मराठीत शिकवते, संध्याकाळी, फी न घेता. दोन मुलं गेल्या वर्षी डाइव्हमास्टर झाली. त्यातल्या एकाला दाबाचं गणित समजावायला मी फुगा वापरणार होते, त्याने मलाच सांगितलं : खोल पाण्यातली तांबोशी गळाला लागून वर येते तेव्हा तिचं पोट फुगून तोंडातून बाहेर आलेलं असतं, ते हेच ना? बॉयलचा नियम (दाब कमी झाला की हवा फुगते) त्याच्या घरात तीन पिढ्या होता. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर पाठवा. कोर्सची फी मात्र मी माफ करू शकत नाही, ती माझ्या हातात नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

शंखनाद

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे, सिंधुदुर्गातच प्रॅक्टिस करतो. दर सीझनला कान घेऊन येणारे पर्यटक आणि स्कुबावाली मुलं दोन्ही बघतो, म्हणून थोडं सविस्तर.

दाबातला सगळ्यात मोठा बदल पहिल्या १० मीटरमध्ये होतो, कारण तिथे तो दुप्पट होतो. त्यामुळे 'आम्ही कुठे खोल जातो' हा समज कानाच्या बाबतीत चुकीचा आहे. पाच मीटरवरही पडदा फाटतो. नाक दाबून हवा कानात सोडायची ती दुखायला लागण्याआधी, दर अर्ध्या-एक मीटरला. दुखल्यावर जोर लावायचा नाही, थोडं वर यायचं. सर्दी असताना गोळी खाऊन उतरणं हा सर्वांत वाईट प्रकार. गोळीचा असर खालीच ओसरला तर वर येताना हवा अडकते आणि तेव्हा थांबायला जागा नसते. ज्यांना यात करिअर करायचं आहे त्यांनी पहिला खर्च कान, छाती आणि हृदय तपासण्यावर करावा. फिट्स, फुफ्फुस पूर्वी कधी फाटलेलं असणं, नीट आटोक्यात नसलेला दमा, यांत मी स्पष्ट नाही सांगतो. गरोदरपणात डायव्हिंग नाही.

दुसरी गोष्ट मला इथल्या सगळ्या मुलांना ओरडून सांगायची आहे. डाइव्हनंतर विमानात बसू नये हे सगळ्यांना पाठ असतं : एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, अनेक असतील तर १८. पण घाटाचं काय? आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटर आहे. खोल पाण्यात दाबाने शरीरात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर दाब कमी झाला की बुडबुडे होऊन बाहेर पडतो, आणि तुम्ही विमानात आहात की एसटीत, हे त्याला कळत नाही. उथळ पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उतरलेल्या पर्यटकाचा प्रश्न फारसा नाही. पण जो मुलगा दिवसभर खोल डाइव्ह करून त्याच रात्री मोटारसायकलने आंबोलीमार्गे बेळगाव किंवा कोल्हापूर गाठतो, त्याने सांधे दुखले, हात बधिर झाला तर 'टँक उचलून दुखतंय' म्हणून बाम लावून झोपू नये. लगेच शुद्ध ऑक्सिजन आणि डॉक्टर. दाबकक्ष (रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवून सावकाश दाब उतरवायची खोली) गावोगावी नसतो, मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आहे. उशीर जेवढा, तेवढं नुकसान कायमचं होण्याचा धोका जास्त.

मीठपाणी

डॉक्टर, घाटाचा मुद्दा मी आजपासून ब्रीफिंगमध्ये घेते. इतक्या वर्षांत मी विमानाचं सांगत आले आणि आमचे निम्मे पर्यटक घाट चढून घरी जातात हे माझ्या डोक्यात आलं नाही.

खोलवर

मी तेल क्षेत्रात कमर्शियल डायव्हर होतो, बॉम्बे हायवर. इथे नवीन मुलांचा एक गोंधळ नेहमी होतो म्हणून लिहितो. 'डायव्हरला लाखांत पगार' हे जे ऐकता ते आमच्याबद्दल असतं, आणि पाडीच्या कार्डावर ते काम मिळत नाही. त्याचं प्रशिक्षण वेगळं, प्रमाणपत्र वेगळं, खर्च त्याहून जास्त. पाण्याखाली वेल्डिंग, कटिंग, पाइपलाइनचे बोल्ट, हाताने चाचपडत केलेलं काम. मासे बघायला वेळ नसतो.

सॅच्युरेशनमध्ये, म्हणजे दिवसेंदिवस सलग दाबाखाली राहून केलेल्या कामात, तर आम्ही जहाजावरच्या दाबाच्या टाकीत राहतो, २८ दिवसांपर्यंत. जेवण दाराच्या झडपेतून येतं. श्वासाला हेलियम-ऑक्सिजनचं मिश्रण, त्यामुळे घरी फोन केला तर आवाज बायकोला ओळखू येत नाही. काम संपल्यावर एकदम बाहेर येता येत नाही. ७०-७५ मीटरच्या दाबावरून परत यायला तीन-साडेतीन दिवस लागतात. माझे वडील गेले तेव्हा मी आत होतो. बातमी मला टाकीच्या फोनवर कळली आणि दार उघडेपर्यंत घरचं सगळं उरकलं होतं.

पैसा चांगला मिळाला, घर झालं, मुलं शिकली. हे काम करू नका असं मी कुणाला सांगणार नाही. पण पैशासाठी इकडे आणि समुद्रासाठी तिकडे, असा विचार करणाऱ्याने आधी एखाद्या जुन्या डायव्हरकडे चार दिवस राहावं.

नवखा_नाशिक

ताई, माझं वय ३३, चष्मा आहे (दोन्ही डोळे वजा ४), पोहता येत नाही, नोकरी सोडायचा विचार पक्का. पहिलं पाऊल काय टाकू?

मीठपाणी

चष्म्याची काळजी सोडा, नंबरचा मास्क मिळतो. पाण्यात सगळं साधारण एक-तृतीयांश मोठं आणि जवळ दिसतं, तेही लक्षात ठेवा.

पोहणं मात्र टाळू नका. ओपन वॉटरला २०० मीटर पोहून आणि १० मिनिटं तरंगून दाखवावं लागतं. त्याला वेगाची अट नाही, पाण्यात आपण अस्वस्थ नाही एवढंच बघतात. आजच नाशिकच्या एखाद्या तलावात नाव घाला. राजीनामा नको. सुट्टी टाकून ओपन वॉटर करा, आणि मग माझी एक विनंती आहे : ज्या सेंटरमध्ये कोर्स कराल तिथे कोर्स संपल्यावर चार दिवस जास्त राहा आणि टँक उचला, सामान धुवा, पर्यटकांना वेटसूट चढवून द्या. बहुतेक ठिकाणी आनंदाने करू देतात. चौथ्या दिवशी संध्याकाळी अंग मोडून आलेलं असताना एखादं भेदरलेलं लेकरू समोर आलं आणि तुम्हाला त्याच्यासमोर बसून नीट समजावून सांगावंसं वाटलं, तर मला फोन करा. नाही वाटलं, तर वर्षातून दोनदा सुट्टी काढून डायव्हिंगला जा. १०० डाइव्ह पगाराच्या पैशांतूनही होतात, आणि त्या डाइव्हवर तुम्हाला समोरच्या माणसाकडे नाही, माशाकडे बघायला मिळतं.

सेंटर निवडताना बघायच्या गोष्टी : एका इन्स्ट्रक्टरमागे ट्राय डाइव्हला किती माणसं (पाडीचा नियम जास्तीत जास्त चारचा आहे, मालवणच्या पाण्यात मी एकालाच घेते), होडीत ऑक्सिजन आहे का, फॉर्म वाचायला वेळ देतात का. माझ्या पहिल्या नोकरीत गर्दीच्या दिवसांत फॉर्म होडीत बसल्यावर भरून घ्यायचे. कोण 'हो' लिहून पैसे बुडवून परत फिरेल? मी तिथे एक सीझन काढला आणि सोडलं.

वेंगुर्ल्याचो_वारो

ताईंच्या लेखाच्या सुरुवातीच्या प्रवाळाबद्दल. मी सागरी जीवशास्त्र शिकतो. आपल्याकडे मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथे उत्तम प्रवाळ आहे. अशा जागी नोंदी घेऊ शकणारे, फोटो काढताना तळाला फिन न लावणारे डायव्हर आम्हाला नेहमी कमी पडतात. पर्यटन सोडूनही या कौशल्याचा उपयोग आहे, पैसे कमी असले तरी. मालवणला पर्यटकांना मासे दिसावेत म्हणून ब्रेड आणि बिस्किटं टाकतात, ते तुम्ही थांबवू शकलात का?

मीठपाणी

आमच्या होडीवर थांबलं आहे. शेजारच्या होडीवर नाही, आणि मासे तिकडे जातात, मग पर्यटकही मला विचारतात की आमच्याकडे का नाही. मी प्रत्येकाला सांगते. रोज सांगते. माझे दर सीझनला चार-दोन पर्यटक कमी होतात यामुळे, मालकांनी ते सोसलं आहे याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. आंग्रियाला मी अजून गेलेले नाही. जायचं आहे.

तुळशीपाशी

मी इथे फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहिते आहे. माझा मुलगा २७ वर्षांचा, चांगल्या कंपनीत. मार्चमध्ये नोकरी सोडून अंदमानला जाणार म्हणतो. घरात महिनाभर बोलणं बंद आहे. त्याच्या बाबांना वाटतं पळपुटेपणा आहे. मला नुसती भीती वाटते. तुमच्या आईने काय केलं होतं, हे सांगाल का?

मीठपाणी

काकू, माझ्या आईने वर्षभर नातेवाइकांना मी रजेवर आहे असं सांगितलं. एक स्थळ आलं होतं, त्यांना 'मुलगी बँकेत आहे' असंच सांगितलं गेलं आणि ते मला बैठकीत कळलं. खूप भांडलो आम्ही.

तिसऱ्या सीझनला ती मालवणला आली आणि आठ दिवस राहिली. पाण्यात उतरली नाही, होडीत बसून राहायची. मी पर्यटकाला घेऊन खाली गेले की ती बुडबुडे मोजायची. दोघांचे दोन झोत वर येत असतात ना, ते. जाताना म्हणाली, "तुझे बुडबुडे संथ येतात. त्या माणसांचे भराभर येतात आणि मग हळूहळू तुझ्यासारखे व्हायला लागतात." माझं काम इतकं नेमकं दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही. अजून ती काळजी करते. रोज रात्री आठला फोन असतो, तो चुकला तर सेंटरच्या नंबरवर येतो.

तुमची भीती योग्य आहे, तिला गप्प बसवू नका. फक्त ती कामाला लावा. मुलाला हे विचारा : मेडिकल फॉर्म नीट भरलास का? विमा कुठला? ज्या सेंटरला जातोयस तिथे ऑक्सिजन आहे का, जवळचा दाबकक्ष कुठे? (अंदमानात तो नौदलाच्या धन्वंतरी रुग्णालयात आहे, पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला.) ज्याने मनापासून ठरवलं आहे त्याला ही उत्तरं द्यायला आवडतील.

तुळशीपाशी

काल रात्री त्याला फॉर्म काढायला सांगितला. महिन्याभराने तो माझ्याशेजारी बसला. एकेक प्रश्न वाचत गेलो. एका ठिकाणी त्याने 'नाही'वर खूण केली तेव्हा मी त्याचा हात धरला. पाच वर्षांचा असेपर्यंत त्याला दमा होता, रात्र रात्र मी त्याला उभ्याने खांद्यावर घेऊन फिरायचे. त्याला ते आठवतच नव्हतं. आता तिथे 'हो' लिहिलं आहे. गुरुवारी छातीच्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे, त्याचे बाबाही येतो म्हणाले आहेत.